नारळ खाली कोण उभं आहे ते बघत नाही, मग भौतिकशास्त्रात स्त्रीवाद कशाला?

माडावरून नारळ सुटला की खाली बाई उभी आहे की बुवा, हे तो बघत नाही. दोघांच्याही डोक्यावर तो त्याच वेगानं आदळतो. मी किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आणि 'भौतिकशास्त्राच्या तत्त्वज्ञानाकडे स्त्रीवादी नजरेनं बघणं' असं काही वर्गात उच्चारलं की पहिला आक्षेप याच धाटणीचा येतो. मुलगे घेतात, मुलीही घेतात. आक्षेप रास्त आहे. त्याला बगल देऊन पुढं जाणारे लेख मला आवडत नाहीत, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

नारळ बाईसाठी हळू पडतो, असा दावा या विषयातलं कुणीच करत नाही. दावा वेगळा आहे. भौतिकशास्त्र म्हणजे नुसता पडणारा नारळ नव्हे. कुठला प्रश्न मोठा आणि कुठला किरकोळ, एखादी सिद्धता पुरी झाली असं कधी म्हणायचं, कुणाची शंका वाचायची आणि कुणाची बाजूला सारायची, हे सगळं ठरवणारी माणसं असतात. एकाच समीकरणामागं तीन वेगवेगळी चित्रं बसत असतील तर त्यांतलं कुठलं पाठ्यपुस्तकात जाईल, हेही माणसंच ठरवतात. भौतिकशास्त्राचं तत्त्वज्ञान नेमकं या पट्ट्यात काम करतं. गणित सुटल्यावर, प्रयोग जुळल्यावरही जे प्रश्न उरतात ते त्याचे: क्वांटम अवस्था म्हणजे नक्की काय, काळ पुढंच का जातो, 'मूलभूत' कशाला म्हणायचं. प्रयोग एकट्यानं निकाल देऊ शकत नाही अशी ही जागा आहे, आणि प्रयोगाचा धाक जितका कमी तितकी माणसाच्या सवयींना मोकळीक जास्त.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जर्मन गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ ग्रेटे हरमान यांचं आहे. त्यावर जरा सावकाश बोलू.

१९३२ साली जॉन फॉन नॉयमन यांचं क्वांटम यांत्रिकीच्या गणिती पायावरचं पुस्तक आलं. क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणूइतक्या लहान कणांचं शास्त्र, एका कणाबद्दल फक्त शक्यता सांगते: इतके टक्के इकडे, इतके टक्के तिकडे. मग साहजिक प्रश्न पडतो, की या शक्यतांच्या खाली आपल्याला न दिसणारं, पण निकाल आधीच ठरवून ठेवणारं काही आहे का? त्याला 'छुपे चल' म्हणतात. फॉन नॉयमन यांनी गणितानं अशी सिद्धता दिली की असं काही असूच शकत नाही. ते त्या काळचे अव्वल गणितज्ञ. विषय संपला असं बहुतेकांनी धरलं.

सिद्धतेत एक गृहीतक होतं आणि ते अगदी निरुपद्रवी दिसायचं: दोन राशींच्या बेरजेची सरासरी म्हणजे त्या दोघींच्या सरासरींची बेरीज. आता कणाचा स्पिन घ्या, म्हणजे कुठल्याही एका दिशेनं मोजता येणारा त्याचा एक अंगभूत गुण. पूर्व दिशेनं मोजला तर उत्तर +१ किंवा −१. उत्तर दिशेनं मोजला तरी +१ किंवा −१. या दोन राशींची बेरीज ही स्वतःच एक तिसरी राशी आहे, ती ईशान्येच्या दिशेनं मोजावी लागते, आणि तिचं उत्तर येतं साधारण +१.४१ किंवा −१.४१. पुष्कळ कण मोजून सरासरी काढली तर बेरीज चोख जुळते. पण एकेका कणाचं बघा. त्याची पूर्वेची आणि उत्तरेची किंमत आधीच ठरलेली असेल, तर बेरीज २, ० किंवा −२ होईल. १.४१ कधीच होणार नाही. म्हणजे सरासरीला लागू असलेला नियम छुप्या पातळीवरच्या एकेका कणालाही लागू केला, की छुपे चल आपोआप बाद होतात. मग सिद्धतेनं नवीन काय सिद्ध केलं? जे सिद्ध करायचं ते गृहीतकातच बसलेलं होतं.

हे १९३५ साली हरमान यांनी लिहून ठेवलं. बाई साध्यासुध्या नव्हत्या. ग्योटिंगेनला थोर गणितज्ञ एमी नोएथर यांच्या हाताखाली त्यांनी गणितात डॉक्टरेट केली होती, पुढं तत्त्वज्ञानाकडे वळल्या, आणि क्वांटम यांत्रिकीबद्दलच्या शंका घेऊन थेट लाइपझिगला, त्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या हायझेनबर्ग यांच्याकडे गेल्या. हायझेनबर्ग यांनी पुढं आपल्या आठवणींत त्या चर्चांवर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. तरीही हरमान यांच्या आक्षेपाची दखल जवळपास कुणी घेतली नाही. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांनी छुप्या चलांचा एक चालणारा सिद्धान्तच मांडून दाखवला, म्हणजे जे अशक्य म्हणून सांगितलं होतं ते करून दाखवलं. सिद्धतेतली फट मात्र १९६६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या लेखातून सगळ्यांच्या नजरेला आली. बेल यांना ती स्वतंत्रपणे सापडली होती. हरमान यांचं काम १९७४ मध्ये मॅक्स यामर यांच्या इतिहासग्रंथामुळं चर्चेत आलं. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

ती बाई होती म्हणून ऐकलं नाही, एवढ्यावर हे प्रकरण मिटवता येत नाही. त्यांचा निबंध एका तत्त्वज्ञान-गटाच्या नियतकालिकात आला, ते भौतिकशास्त्रज्ञ वाचत नव्हते. त्याच वर्षी एका नावाजलेल्या विज्ञान-साप्ताहिकात त्याचा सारांश छापून आला, पण नेमका हा भाग त्यात नव्हता. त्या नाझींच्या विरोधात काम करत होत्या आणि लवकरच त्यांना देश सोडावा लागला. फॉन नॉयमन यांचा दबदबा होताच. आणखी एक मौजेची गोष्ट म्हणजे हरमान स्वतः छुप्या चलांच्या बाजूच्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की हा दरवाजा या सिद्धतेनं बंद होत नाही. फॉन नॉयमन यांचा मूळ दावा लोक समजतात तितका मोठा होता का, यावरही अलीकडे वाद आहे. बाईपण हा या गुंत्यातला एक धागा. पण गुंता कसला आहे ते बघा: गटाबाहेरची, तत्त्वज्ञानातून आलेली, परागंदा, आणि बाई. गणित बरोबर असूनही तिची शंका जिथं पोचायला हवी तिथं पोचली नाही, आणि एका पिढीनं एक बंद नसलेला दरवाजा बंद समजून वाट बदलली.

तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना इथं उपयोगी पडते. वस्तुनिष्ठता हा एकेका शास्त्रज्ञाच्या डोक्यातला गुण नाही, तो समूहाच्या वागण्याचा गुण आहे, असं त्या म्हणतात. माझ्या डोक्यातली गृहीतकं मला दिसत नाहीत, ती दुसऱ्यानं दाखवावी लागतात. त्यासाठी टीका मांडायला जागा हवी, टीकेनं मत बदलायची तयारी हवी, काही समान निकष हवेत, आणि बोलणाऱ्याच्या म्हणण्याचं वजन त्याच्या खुर्चीवरून ठरता कामा नये. आपल्याकडच्या गावकीच्या बैठकीसारखंच हे. बायका देवळात असतात, पंगतीची अर्धी तयारी त्यांनीच केलेली असते, पण ठराव सभामंडपात होतो आणि त्या वेळी त्या मागच्या बाजूला असतात. कुणी त्यांना हाकललेलं नसतं. फक्त ठरावातली चूक त्यांना दिसली तरी ती सांगायची कुठं, हे ठरलेलं नसतं.

भारतातल्या प्रयोगशाळांत हे अक्षरशः घडलं आहे. १९३३ मध्ये कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, शेवटी अटी घालून घेतलं. त्या जीवरसायनशास्त्रातल्या, पण रामन यांच्या स्वतःच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलेल्या मुलींची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक आभा सूर यांनी अभ्यासली आहे. अॅना मणी यांनी तिथं हिरे आणि माणकांच्या वर्णपटावर काम केलं, शोधनिबंध लिहिले, तरी एमएस्सी नाही म्हणून पीएचडी मिळाली नाही. पुढं हवामान खात्यात उपकरणांचा सगळा डोलारा त्यांनी उभा केला, ती गोष्ट वेगळी. इथं मुद्दा असा, की त्या प्रयोगशाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोलू नये असा दंडक होता. शास्त्र शिकण्याचा निम्मा भाग चहाच्या टेबलावर, फळ्यापाशी, 'हे तुझं चुकतंय रे' म्हणण्यात असतो. तोच काढून घेतला. याला नुसता अन्याय म्हणून सोडून देता येत नाही. चुका पकडण्याची यंत्रणाच अर्धी बंद ठेवली, आणि तोटा शास्त्राचाही झाला.

आता सवयीच्या कल्पनांकडे. एव्हलिन फॉक्स केलर मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ, १९६३ च्या हार्वर्डच्या पीएचडी. १९७० मध्ये त्यांनी ली सेगल यांच्यासोबत एक गणिती मॉडेल मांडलं. स्लाइम मोल्ड नावाच्या जीवाच्या सुट्या पेशी उपासमार झाली की एकत्र येतात. का? तोवरचं आवडतं उत्तर असं, की काही खास 'पुढारी' पेशी इशारा देतात आणि बाकीच्या मागं जातात. केलर-सेगल मॉडेलनं दाखवलं की पुढाऱ्याची गरज नाही, सगळ्या पेशी सारख्या असल्या तरी रसायनाच्या चढउतारानं त्या आपोआप गोळा होतात. पुढं केलर यांच्या लक्षात आलं की लोकांना तरीही पुढारीच हवा होता. त्यासाठी पुरावा नव्हता, पण तो डोळ्यांना सवयीचा होता. आधी कुणीतरी हुकूम देणारा, मग बाकीचे ऐकणारे, ही मांडणी आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की निसर्गातही आपण तीच शोधतो. ग्रामपंचायतीचं राजकारण जवळून पाहिलेल्या कुणालाही हे पटायला हरकत नाही.

हीच उतरंड शास्त्राच्या आतही आहे. अमेरिकेत टेक्साससाठी सुमारे ८७ किलोमीटर परिघाचा एक प्रचंड कणवेगवर्धक आखला होता. १९९३ मध्ये त्यांच्या संसदेनं तो रद्द केला, तोवर जवळपास दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते. तो बांधावा की नाही या वादात स्टीव्हन वाइनबर्ग यांचं म्हणणं, की कणभौतिकी सगळ्यात मूलभूत, तिच्या नियमांतून बाकीचं निघतं. घनपदार्थांवर काम करणारे फिलिप अँडरसन यांचं म्हणणं, की प्रत्येक पातळीवर नवे नियम असतात आणि तेही तितकेच मूलभूत. दोघेही नोबेलविजेते, दोघेही पुरुष. मग यात स्त्रीवाद कुठं आला? बार्बरा व्हिटन या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ मध्ये हा प्रश्न उचलला: 'मूलभूत' या शब्दाला इतका मान का, आणि तो मान कुठल्या प्रकारच्या कामाला, कुठल्या प्रकारच्या माणसाला मिळतो? शुद्ध, उंचावरचं, शरीराच्या आणि चिखलाच्या पलीकडचं ते श्रेष्ठ, आणि गुंतागुंतीचं, उपयोगाचं, हात माखवणारं ते दुय्यम, ही प्रतवारी समीकरणातून निघत नाही. कोकणातल्या मुलीला मातीतला ओलावा किंवा खाडीतला गाळ यावर पदार्थविज्ञान करायचं असेल, तर ते 'खरं फिजिक्स' नाही असं तिला अजूनही ऐकवलं जातं. हे मी ऐकलेलं आहे.

गाळावरून भरतीकडे येऊ. किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे दर तिथीला भरती पाऊण तास पुढं. गणित करून बघा. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत १५ तिथी होतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ सरासरी १२ तास सरकते, म्हणजे तिथीमागं ४८ मिनिटं. आडाखा ४५ मिनिटं देतो. तोंडी हिशेबाला तीन मिनिटांची तूट चालते. बंदरागणिक थोडा फरक पडतो तोही तिथल्या लोकांना ठाऊक असतो.

कालवं काढायला खडपावर, म्हणजे समुद्रातल्या कातळावर, जाणाऱ्या बाईला मात्र भरतीपेक्षा ओहोटी हवी असते. पाणी किती खाली जाईल, उधाणाच्या दिवसांत कुठला कातळ उघडा पडतो आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांत कुठला पडत नाही, परत फिरायला किती वेळ हाताशी आहे. होडी खाडीबाहेर काढणाऱ्याचे प्रश्न वेगळे. समुद्र एकच, गुरुत्वाकर्षण एकच, प्रश्न दोन. न्यूटननं भरतीचं कारण सांगितलं तेव्हा त्यानंही दूरदूरच्या बंदरांतल्या नोंदी वापरल्या. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात दिवसातून एकदाच भरती येते, ही अडचणीची बातमी तिथं गेलेल्या दर्यावर्दी माणसांकडूनच लंडनला पोचली होती. ज्यांच्याकडून नोंदी आल्या त्यांची नावं आपल्या पुस्तकांत येत नाहीत, आणि ज्यांच्याकडे विचारलंच नाही त्यांचं काय राहून गेलं हे कळायला मार्ग नाही.

तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांनी याला धरून एक भूमिका मांडली. तिचा विपर्यास फार होतो. बाईला आपोआप खरं दिसतं, असं त्या म्हणत नाहीत. त्या म्हणतात, संशोधनाची सुरुवात कडेला असलेल्यांच्या जगण्यापासून केली तर मध्यभागी बसलेल्यांना न सुचलेले प्रश्न पुढं येतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याचीही तपासणी केली तर वस्तुनिष्ठता कमी न होता वाढते. जैतापूरचं उदाहरण घ्या. तिथं सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॅट, आणि थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी घेऊन गरम झालेलं परत सोडायचं, असा बेत. पाणी किती अंशांनी तापेल याचं समीकरण मच्छीमाराला आणि अभियंत्याला एकच. पण तापमान नेमकं कुठं मोजायचं, कुठल्या महिन्यात, आणि 'स्वीकारार्ह' फरक किती, हे समीकरण सांगत नाही. तिथल्या नाटे गावच्या मच्छीमारांनी हे प्रश्न विचारले तेव्हा अडाण्यांची भीती म्हणून ते बाजूला सारणारे होतेच. प्रकल्प व्हावा की नाही हा स्वतंत्र वाद आहे. मला इथं एवढंच दिसतं, की 'तांत्रिक' म्हणून सांगितलेल्या निम्म्या गोष्टी निवडीच्या होत्या.

या विषयाचं नाव खराब झालं त्यालाही कारणं आहेत. हार्डिंग यांनीच १९८६ च्या पुस्तकात न्यूटनच्या ग्रंथाला बलात्काराची उपमा देणारं एक वाक्य लिहिलं, आणि विरोधकांना ते पुढची अनेक वर्षं पुरलं. १९९६ मध्ये अॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञानं क्वांटम गुरुत्वाकर्षणावर मुद्दाम निरर्थक लेख लिहून तो एका सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात छापून आणला. हसं झालं, आणि काही अंशी योग्यच झालं. कॅरन बॅराड यांचं काम त्यापेक्षा खूप वरच्या दर्जाचं. त्या कणभौतिकीत रीतसर शिकलेल्या. क्वांटम यांत्रिकीचे एक प्रवर्तक नील्स बोर यांच्या विचारातून त्या म्हणतात की मोजणारं उपकरण आणि मोजली जाणारी वस्तू आधीपासून वेगळ्या नसतात, मोजण्याच्या क्रियेतच त्या वेगळ्या होतात. इथवर मी त्यांच्यासोबत जाते. तिथून समाजापर्यंत त्या जी उडी घेतात ती मला लांब वाटते. हरमान किंवा लाँजिनो समजून घ्यायला ती उडी लागत नाही.

मग या सगळ्यानं एखादं समीकरण बदललं का? नाही, एकही नाही. ज्यांना 'स्त्रीवादी F = ma' (बल = वस्तुमान × त्वरण) बघायचं असेल त्यांची निराशा होईल. बदलू शकतं ते समीकरणाभोवतीचं: कुठली चित्रं जिवंत राहतात, पैसा कुठं जातो, शंका कुणाची ऐकली जाते. २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात झालेल्या परिषदेतून भारतीय भौतिकशास्त्रातल्या लिंगभेदावर एक सनद निघाली, तिचा भर बायकांनी आणखी धीट व्हावं यावर नसून संस्थांनी आपल्या रीती बदलाव्यात यावर आहे. लाँजिनोंच्या विचाराशी हे जुळतं.

अलीकडचा एक वाद चांडा प्रेस्कॉड-वाइनस्टीन यांनी २०२० मध्ये उभा केला. त्या विश्वरचनाशास्त्रज्ञ आहेत, कृष्णवर्णीय आहेत. त्यांचा प्रश्न असा: स्ट्रिंग थिअरीसारख्या (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं, असं मानणाऱ्या) क्षेत्रात थेट प्रायोगिक पुरावा नसतानाही दशकानुदशकं काम गांभीर्यानं घेतलं जातं, 'थांबा, पुढं पुरावा येईल' म्हणतात. कृष्णवर्णीय स्त्री शास्त्रज्ञानं भेदभावाचा अनुभव सांगितला की मात्र ताबडतोब पुरावा मागितला जातो. पुराव्याचा आग्रह कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल? यावर टीका झाली, की दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे इथं एका तराजूत घातले आहेत. टीकेत तथ्य आहे. गणिती सुसंगती हा स्ट्रिंग थिअरीच्या बाजूचा खरा आधार आहे, ती नुसती मेहेरबानी नव्हे. तरीही ज्या ऊर्जेला तिचे परिणाम थेट दिसावेत ती आजच्या सर्वांत मोठ्या वेगवर्धकाच्या अब्जावधी पटींहूनही वर असल्याचं मानलं जातं, आणि तोवर कुठली कल्पना 'सुंदर' आणि म्हणून पुढं न्यायची हे ठरवणाऱ्या समित्या असतात. त्या समित्यांत कोण बसतं हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या बाहेरचा आहे, असं मला तरी वाटत नाही.